मुठीचे तांदूळ

रविवार, ३ नोव्हेंबर १९६८

शालिनी मनोहर देठे,

तुझे नाव पूर्ण लिहिले. कबरीच्या दगडावर ते अजून कोरले गेलेले नाही, आणि गेल्या महिन्याभरात ते जिथे जिथे लिहिले गेले तिथे तिथे त्याच्याआधी 'कै.' होते. इथे नसावे.

मी रोजनिशी लिहिणारा मनुष्य नव्हे. परंतु संध्याकाळी कोणाशी तरी बोलण्याची सवय लागली आहे, आणि ती मोडत नाही.

आज महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. सकाळी स्वयंपाकघरात कोठीमागे तुझा मुठीचा डबा सापडला. रोज भात शिजवताना देवासाठी एक मूठ बाजूला काढायची आणि पहिल्या रविवारी देवळात नेऊन ओतायची, ही या मिशन कंपाउंडातल्या बायकांची रीत मला ठाऊक आहे. तुझ्या आजारपणात ते राहून गेले असणार, असे वाटले. डबा मोठा होता, आणि काठोकाठ भरलेला. रुमालात झाकून नेला व वेदीपुढच्या टोपलीत स्वतः ओतला. टोपली भरून तांदूळ खाली सांडले.

पंच वाघमारे (यापुढे पं. वा.) टोपलीकडे बघतच राहिले. ख्रिस्ती मंडळीच्या पंचांत ते सर्वांत वडील. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून कंपाउंडाचा कारभार तेच पाहतात. मला वाटले, त्यांना तुझी आठवण झाली.

एक कर्तव्य पार पाडल्याचे समाधान घेऊन घरी आलो.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

कॉलेजला अद्याप सुटी. दुपारी दारावर थाप. पाच बायका, अंगणात चपला काढून उभ्या. मी दारात आडवा उभा राहिलो. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या सारजाबाई मला बाजूला सारून आत आल्या.

"मास्तर, आज गुरुवार हाय."

तू मला दर गुरुवारी तास संपल्यावर ग्रंथालयात बसायला सांगत असेस. "बायका येतात, शिवणटिपण चालते, तुम्हाला गलबला होईल." दोन वर्षे मी ग्रंथालयात बसलो. शिवणाचे एकही कापड घरात कधी दिसले नाही, हे आज लक्षात येते.

त्या नेहमीच्या जागी बसल्या, म्हणजे त्यांची नेहमीची जागा आहे हे मला आज समजले. रविवारचा उपदेश घेऊन बोलू लागल्या. पाळकसाहेब काय म्हणाले, ते खरे कसे, खरे नसेल तर का नाही. दवाखान्यातली नर्स एस्तेर सरळ म्हणाली, "पाळकसाहेब नवऱ्याच्या आज्ञेबद्दल बोलतात तेव्हा खिडकीबाहेर पाहतात." सगळ्या हसल्या. मी स्वयंपाकघरात उभा होतो. पाचवी बाई कोण, हे ओळखून मी दाराआड सरकलो. रत्नाबाई. पं. वा. यांची पत्नी. पदर पुढे ओढून, भिंतीला टेकून.

जाताना सारजाबाईंनी विचारले, "आन् मुठीचा डबा कुठी ठेवला?"

मी सांगितले. अभिमानाने सांगितले.

मग सारजाबाई खालीच बसल्या. "अरे देवा! देवळात वतला? सगळा?"

"नियमच तसा आहे," मी म्हणालो.

"नियम! अहो, तो तारीचा होता."

तारा म्हणजे पं. वा. यांच्या पुतण्याची बायको. तो मारीत असे. ती मूल घेऊन घराबाहेर पडली. पंचांनी तिला परत जाऊन मंडळीपुढे चूक कबूल करायला सांगितले. तिने नाही म्हटले. तेव्हापासून ती प्रभुभोजनाला वर्ज्य, कंपाउंडात पाऊल टाकायला वर्ज्य, आणि जो तिला मदत करील त्यालाही ताकीद. एवढे मला माहीत होते. या बायका आपापल्या घरची मूठ देवळाऐवजी तुझ्या डब्यात टाकीत व तू ती तिला पोचवीत असेस, हे माहीत नव्हते.

"एवढा तांदूळ एका घरचा नसते, हे त्या वाघमाऱ्याले समजत नसन काय?" सारजाबाई म्हणाल्या. मग त्यांचे लक्ष रत्नाबाईंकडे गेले, आणि त्या गप्प झाल्या.

रविवार, १० नोव्हेंबर

उपासनेनंतर पं. वा. यांनी थांबवून घेतले. देऊळ रिकामे. ते बाकावर बसले, मला बसायला सांगितले नाही, बहुधा विसरले.

"देठे सर, त्या दिवशीचा तांदूळ. सहा महिने बायकांची मूठ टोपलीत अर्धी येऊन राहिली होती जी. आम्ही म्हटलं, महागाई हाय. मग तुमचा डबा आला."

मी वेदीपुढच्या टोपलीकडे पाहिले.

"गुरुवारी कोण कोण येते?"

"मी गुरुवारी ग्रंथालयात असतो."

मागच्या गुरुवारपर्यंत हे खरे होते. ते अगदी हळू आवाजात, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात बोलले, आणि मला त्याचीच भीती वाटली. "गोरे मिशनरी साहेब गेले. ह्या जागेचे कागद कोणाच्या नावावर हायेत हे कोणालेच धड माहीत नाही. शेजारच्या राज्यात धर्मांतरावर कायदा आला. भिंतीबाहेरचे लोक वाट पाहून आहेत. आपसात फूट पडली का संपलं. तुम्ही शिकलेले. तुम्हाले मी काय सांगू?"

त्यांचे म्हणणे खोटे नाही. तेच वाईट.

उठताना म्हणाले, "ही घरं मंडळीच्या शिस्तीत राहणाऱ्याइसाठी असतात, सर." बाकीचे वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

कॉलेज सुरू. एम.ए.च्या वर्गाला अमेरिकेचा इतिहास. वसाहतींचे प्रकरण जिथे सोडले होते तिथून पुढे. गेली नऊ वर्षे शिकवतो. टिपणे पाठ आहेत.

सतरावे शतक. आपल्या मताप्रमाणे उपासना करता यावी म्हणून इंग्लंडातून माणसे समुद्र ओलांडून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर आली. आधी सभागृह बांधले, जिथे प्रार्थनाही व न्यायही. मग कोण आत राहील, कोण बाहेर जाईल हे ठरवायला लागली. पूर्ण सभासद होण्यासाठी प्रत्येकाला सर्वांसमोर उभे राहून आपल्या अंतःकरणात देवाने काय केले ते सांगावे लागे. ऐकणारे ठरवीत, खरे की नाही. वेगळ्या पंथाच्या माणसाला घरात आसरा देणाऱ्याला दंड.

आणि ती सुईण, जिच्या घरी बायका जमत आणि रविवारच्या उपदेशाची चर्चा करीत. आधी बायका, मग पुरुषही येऊ लागले. तिला न्यायासनापुढे उभे केले, वसाहतीबाहेर घालवले.

'रविवारच्या उपदेशाची चर्चा करीत' या शब्दांपाशी मी थांबलो. टिपणात ते माझ्याच अक्षरात होते. नऊ वर्षे मी हे वाक्य वाचतो, आणि घरी तू

तू एकदा विचारले होतेस, मला आठवते. "मग त्या बाईचं काय झालं वो पुढे?" मी म्हणालो होतो, ते परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

तास एकला संपले. ग्रंथालयात गेलो नाही. घरी आलो, दाराला आतून कडी घातली, पडदा ओढला. खुर्चीवर बसलो. पुस्तक उघडले नाही. पान उलटल्याचा आवाज बाहेर जाईल असे वाटले.

त्या तीन वाजता आल्या. थाप. पुन्हा थाप.

"मास्तर, अंदर हाव काय?"

मी पाय खुर्चीवर घेतले.

"नसन तं." हा एस्तेरचा आवाज.

"नसन कसे? चपला तं बाहेर दिसून राहिल्या," सारजाबाई. "देवाघरी अनवानी गेले का काय मास्तर?"

कोणीतरी हसले, लगेच दाबले. बराच वेळ त्या पायरीवर बसून राहिल्या. त्यांच्यातली एक गुणगुणत होती, तू गात असेस ते गीत. मग उठून गेल्या. आज चारच आवाज होते. रत्नाबाई नव्हत्या, किंवा बोलल्या नाहीत.

चपला आत घ्यायला हव्या होत्या, एवढाच विचार मी तासभर केला. याची लाज नंतर वाटली.

शनिवार, १६ नोव्हेंबर

पं. वा. व आणखी एक पंच घरी आले. चहा केला. साखर घालायला विसरलो. त्यांनी तसाच घेतला.

मागणी स्पष्ट आहे. १ डिसेंबरला, प्रभुभोजनाआधी, मी मंडळीपुढे उभे राहून एक निवेदन वाचावे. माझ्या दिवंगत पत्नीने आजारपणातील मनाच्या दुर्बलतेमुळे मंडळीच्या शिस्तीविरुद्ध सभा भरवल्या, वर्ज्य व्यक्तीस साहाय्य केले, इतर भगिनींस चुकीच्या मार्गाने नेले; याबद्दल मला खेद आहे; यापुढे माझ्या घरी असे होणार नाही. एवढे वाचले की विषय संपला. बायकांची नावे कोणी विचारणार नाही. घर माझ्याकडे राहील.

"मेलेल्या माणसाले त्याचा काय त्रास जी?" दुसरे पंच म्हणाले. पं. वा. यांनी त्यांना नजरेने गप्प केले.

न वाचल्यास वर्षअखेर घर रिकामे करावे.

मसुदा ते ठेवून गेले. दोन वाक्यांत कर्ता आणि क्रियापद जुळत नव्हते. मी लाल शाईने दुरुस्त केले. दुरुस्त केल्यावर माझ्या ध्यानात आले की मी काय दुरुस्त केले.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

वर्गात पुढचा भाग. त्याच वसाहतीच्या कडेने, मिशनऱ्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांपैकी ख्रिस्ती झालेल्यांची वेगळी गावे वसवली. प्रार्थनेची गावे. केस कसे कापावे, घर कसे बांधावे, रविवारी काय करू नये, सर्वांचे नियम. त्यांचे जुने आप्त त्यांना आपले मानीनात. गोरे वसाहतवाले त्यांना पुरते आपले मानीनात. पुढे जमिनीवरून मोठे युद्ध पेटले, तेव्हा या प्रार्थना करणाऱ्यांना संशयावरून उचलून बंदरातल्या एका उघड्या बेटावर हिवाळ्यात नेऊन ठेवले. थंडीने आणि उपासमारीने पुष्कळ गेले.

हे सांगताना मला वर्गाच्या खिडकीतून कंपाउंडाच्या दिशेची चिंचेची झाडे दिसत होती. गेला आठवडाभर माझी समजूत अशी की पं. वा. म्हणजे ते पहिले वसाहतवाले, काळा झगा घालून न्याय करणारे. तसे नव्हे. आम्ही सारेच त्या प्रार्थनेच्या गावातले. पं. वा. यांना बेट दिसते आहे. म्हणून ते भिंत एवढी घट्ट धरतात.

आणि तरी त्यांनी ताराला भिंतीबाहेर काढलेच ना.

पुढच्या बाकावरची मुलगी, सावनेरहून रोज बसने येते, तिने हात वर केला. "सर, त्या सुईणबाईचा नवरा होता ना? त्याले काय झालं?"

मी म्हणालो, पाहून सांगतो. नऊ वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

बायका आल्या नाहीत. फाटकाच्या चौकीदाराची खुर्ची आपल्या घरासमोर हलवली आहे. सकाळी विचारले, तो म्हणाला, "इकडं ऊन चांगलं येते, साहेब."

दुपारी पिशवीत तांदूळ घेऊन सायकलने निघालो. चौकीदाराला सांगितले, दळायला जातो. तांदूळ दळायला कोण जाते? त्याने पिशवीकडे पाहिले, काही म्हणाला नाही. मानेवाड्याच्या पुढे कच्चा रस्ता, बेसा गावापर्यंत; तारा तिथे आहे, हे सारजाबाई त्या गुरुवारी बोलून गेल्या होत्या. दोनदा वाटले, मागून कोणी सायकलवर आहे. दोनदा थांबून चाकाची हवा पाहिली.

ताराने दारातूनच ओळखले. शेतावर मजुरी करते; हाताला कापसाच्या बोंडांचे ओरखडे. मूल गोठ्याजवळ खेळत होते.

"बाई गेल्या ते सारजामावशीनं सांगतलं. मले येता नाई आलं." मग पिशवी पाहून, "तुमाले कसं ठाऊक झालं? बाई तं म्हनत, त्याइले सांगाचं नाई."

मी विचारले, का.

"म्हने, ते वाईट नाईत. पन त्याइले सांगतलं तं ते रातभर झोपनार नाईत. झोपू द्या म्हने."

मी सायकलची घंटा उगाच वाजवली.

निघताना ती म्हणाली, "मास्तर, परत येऊ नका. इथले लोक इचारते, मिशनवाले काहून येऊन राहिले मनून. मले इथून बी काढतीन."

भिंतीच्या आतही तिला जागा नाही, बाहेरही धड नाही. मी तिची परिस्थिती आणखी बिघडवली की काय, याची धास्ती परतीच्या वाटेवर सुटली नाही.

बुधवार, २७ नोव्हेंबर

ग्रंथालय. चार जाड ग्रंथ चाळले. नवऱ्याविषयी फार थोडे. कापडाचा व्यापारी, अनेक मुलांचा बाप. वसाहतीच्या गव्हर्नरने त्याच्याविषयी जे लिहून ठेवले त्याचा भावार्थ असा की माणूस सौम्य, बुद्धीने बेताचा, आणि सर्वस्वी बायकोच्या सांगण्यावर चालणारा.

हे वाचून मी आजूबाजूला पाहिले.

आणखी एक. ती हद्दपार झाल्यावर तो तिच्यासोबत गेला. जुन्या मंडळीची माणसे त्याला समजवायला नव्या ठिकाणी आली. त्याने त्यांना सांगितले की मंडळीपेक्षा बायकोशी माझे बंधन अधिक जवळचे आहे. बस. याहून अधिक त्याचे इतिहासात काही नाही. थोड्या वर्षांनी तो वारला, आणि ती आणखी दूर गेली, आणि तिथल्या लढाईत मूळ रहिवाशांच्या हातून मारली गेली, मुलांसकट.

म्हणजे त्याच्या धैर्याने कोणीही वाचले नाही. हे वर्गात कसे सांगावे?

त्याची बायको तेव्हा जिवंत होती, हा मोठाच फरक आहे. जिवंत माणसासोबत जाता येते.

शनिवार, ३० नोव्हेंबर

दुपारी मागच्या दाराने रत्नाबाई. हातात वाटी; लोणचे देण्याचे निमित्त. उभ्याउभ्या बोलल्या.

"उद्या वाचून टाका, मास्तर. शालिनीताई असत्या तं त्याच म्हनल्या असत्या, वाचा मनून."

"तसे ती म्हणाली असती असे तुम्हाला वाटते?"

त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली. "नाई," म्हणाल्या. "पन मले भेव वाटते. यांना समजलं का मी येत होती, तं हे घरी मारनार नाईत, ओरडनार बी नाईत. हे पंचपद सोडून देतीन. मग आपल्या सगळ्याइले कोन धरून ठेवन? दुसऱ्या पंचाले तं तुमी पाहलंच."

मग पदराने डोळे पुसून एकदम हसल्या. "तारी माझ्या हातची पुरनपोळी खाऊन मोठी झाली. सून मनून मीच आनली होती तिले. काय सांगू तुमाले."

त्या गेल्यावर मागच्या दाराची कडी तीनदा तपासली.

शालिनी, मी वाचणार आहे. हे मी तुला आधी सांगतो. मला घर हवे आहे. या घरात तुझा आवाज आहे. दुसरीकडे कुठे तो मला सापडणार? आणि वाचल्याने पाच बायका सुटतात. विचार करून ठरवले. मसुदा स्वच्छ अक्षरात उतरवून काढला.

रविवार, १ डिसेंबर

देऊळ भरलेले. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. पाळकसाहेबांनी नाव घेतले. मी पुढे गेलो. कागद उलगडला.

वाचले, "शालिनी मनोहर देठे, माझी पत्नी, हिने आजारपणातील मनाच्या"

पुढचा शब्द दिसत होता. तोंडातून येईना. आजारात तुझे मन दुर्बल नव्हते. शेवटच्या आठवड्यात तू मला डॉक्टरांची बिले कोठे आहेत, माझे लोकरीचे मोजे कोठे आहेत, कोणाचे कोणते भांडे परत करायचे आहे, सगळे सांगितलेस. मी त्या शब्दावर अडकून उभा राहिलो. कोणीतरी खोकले.

मग मी कागदाची घडी घातली. म्हणालो, "गुरुवारी माझ्या घरी बायका जमत. ते मला माहीत होते. मूठ कोणाला जात होती, तेही मला माहीत होते. माझ्या संमतीने होत होते."

यातले पहिले वाक्य सोडून एकही खरे नाही. मी देवळात, वेदीपुढे, प्रभुभोजनाच्या दिवशी, आयुष्यात प्रथम ठरवून असत्य बोललो. नव्हे, ठरवूनही नव्हे.

खाली येऊन बसलो. पाळकसाहेबांनी घाईने गीत सांगितले. बाजाची पट्टी चुकली, सगळे दोन ओळी वेगवेगळ्या सुरांत गायले. बायकांच्या बाजूला कोणाचे डोके वर नव्हते. भाकरीचे तबक माझ्या रांगेत आले तेव्हा पं. वा. यांनी ते माझ्यापुढून तसेच पुढे नेले.



गुरुवार, ५ डिसेंबर

लेखी आले. ३१ तारखेपर्यंत घर सोडावे. भाषा सभ्य.

तास संपताच घरी आलो, दार सताड उघडे ठेवले, पडदा बाजूला केला. सतरंजी अंथरली. चौकीदाराची खुर्ची समोरच. तो संत्रे सोलत होता. मला एक फोड देऊ केली, मी घेतली.

कोणी आले नाही.

पाचच्या सुमारास एस्तेर दवाखान्याच्या वाटेने गेली. पावले मंदावली, थांबली नाही. फक्त म्हणाली, "सारजामावशीची वसतिगृहातली नोकरी तपासून राहिले, सर." आणि निघून गेली.

मी त्यांना वाचवले असे समजत होतो. एकाने दोष अंगावर घेतला म्हणून बाकीचे सुटतात, असे इतिहासात क्वचितच घडते. हे मला माहीत असायला हवे होते. वर्गात मी तेच शिकवतो.

मंगळवार, १७ डिसेंबर

घरे पाहणे चालू. धंतोलीत एका गृहस्थांनी नाव ऐकून विचारले, "देठे म्हणजे कोण?" सांगितले. म्हणाले, खोली कालच गेली. बाहेर पाटी तशीच होती. रामदासपेठेत बाईंनी विचारले, मांस शिजवता का? मी म्हणालो, मला चहासुद्धा नीट येत नाही. त्या हसल्या, खोली दिली नाही.

आज इंदोऱ्यात, कॉलेजच्या कारकुनाच्या ओळखीने, मेश्राम नावाच्या गिरणी कामगाराकडे. बारा वर्षांपूर्वी साऱ्या कुटुंबाने बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली. ओसरीला लागून एक खोली, वेगळा दरवाजा. मी न विचारता सर्व सांगितले: ख्रिस्ती आहे, विधुर आहे, माझ्या मंडळीने मला घर सोडायला सांगितले आहे. पुढे कळून काढण्यापेक्षा आधी काढलेले बरे.

मेश्रामांनी विडी विझवली. "आमी बी गाव सोडून आलो, सर. देव सोडले तं गावानं विहीर सोडाले लावली. तुमचं काय सुटलं?"

"अजून नीट सांगता येत नाही."

"घरी भजनगिजन? बायामानसं जमतीन काय?"

"जमतील की नाही, मला ठाऊक नाही. पूर्वी जमत."

"जमू द्या. मले का? फक्त चपला नालीच्या बाजूनं नका ठेवू म्हना, वाहून जातात." मग आतल्या दिशेने ओरडले, "ऐकलं काय वं? मास्तर येऊन राहिले."

आतून बाईंचा आवाज: "येऊ द्या. पन पाहुण्याइले चहा मी नाई करनार, सांगून ठेवा!"

रविवार, २२ डिसेंबर

देवळात गेलो नाही. लग्नानंतर प्रथमच. घंटा घरातून ऐकली.

उपासना सुटल्यावर पं. वा. एकटेच आले. बसले नाहीत.

"सर, एकच विचारतो. आमच्या घरची येत होती काय?"

अंगणात ऊन होते. चौकीदार ऐकेल एवढ्या अंतरावर. मी दाराची चौकट धरली. खोटे एकदा बोलून झाले आहे. दुसरे सोपे असायला हवे होते. तसे नाही. 'नाही' म्हणालो असतो तर रत्नाबाई वाचल्या असत्या, आणि त्या तुझ्याकडे येत होत्या ती दोन वर्षे पुसली गेली असती. 'हो' म्हणालो असतो तर

"तुम्ही त्यांनाच विचारा," मी म्हणालो.

त्यांनी मागे वळून चौकीदाराकडे पाहिले. "विचारता येत नाही ना जी," म्हणाले. "म्हणून तं तुमच्याकडं आलो. ती म्हणाली 'हो', तं मी काय करू?"

मी प्रथमच पाहिले की ते घाबरलेले आहेत, आणि ते माझ्यापेक्षा अधिक घाबरले आहेत. कारण मला जे गमावायचे होते ते मी गमावले आहे.

मग ते टोपी घालून निघून गेले. उत्तर मी दिले नाही. नाही दिले, हेच त्यांनी उत्तर समजले असेल काय? दिवसभर हाच विचार.

शुक्रवार, २७ डिसेंबर

नाताळ गेला. वर्गातल्या त्या सावनेरच्या मुलीला सुईणीच्या नवऱ्याचे सांगितले. त्याने बोललेले ते एक वाक्यही सांगितले. तिने लिहून घेतले. म्हणाली, "सर, मग तो भ्याला नाही."

"तसे कोठेही लिहिलेले नाही," मी म्हणालो.

रत्नाबाई नाताळच्या उपासनेला दिसल्या नाहीत, असे एस्तेरकडून कळले. आजारी आहेत म्हणतात. सारजाबाईंची नोकरी अजून आहे. अजून.

मंगळवार, ३१ डिसेंबर १९६८

सामान दोन रिक्षांत गेले. पुस्तके एका, भांडी आणि ट्रंक दुसऱ्या. थंडी खूप. कंपाउंडात नवीन वर्षाच्या प्रार्थनेची तयारी. मुले कागदाच्या पताका लावत होती. कोणी निरोपाला आले नाही; खिडक्यांमागे माणसे होती.

सारजाबाई वसतिगृहाच्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पिठाचे हात. माझ्याकडे न पाहता, जणू कोंबड्यांशी बोलत, मोठ्याने म्हणाल्या, "इंदोऱ्याले कोनती बस जाते वं?" कोणाला विचारले, कोणी उत्तर दिले, समजले नाही. तो खरोखर प्रश्न होता की काय, तेही नाही.

परवा गुरुवार. दार उघडे ठेवीन. कोणी आल्यास त्यांचे काय होईल, आणि कोणी न आल्यास माझे काय होईल, या दोहोंपैकी मला कशाची भीती अधिक आहे, ते सांगता येत नाही.

खोल्या एकदा फिरून पाहिल्या. खिडक्या लावल्या. तुझ्या नावाने हाक मारावीशी वाटली. मारली नाही, बाहेर माणसे होती.

पुढच्या दाराला कुलूप लावले. ओढून पाहिले. मागचेही लावले. पं. वा. यांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडले. आत दिवा नव्हता, रत्नाबाईंची चाहूलही नाही. दोन्ही किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी घेतल्या.